खांद्याची चुंबळ फाटली तर: ऑपरेशनपासून पुन्हा जोर मारेपर्यंत

आई घागर डोक्यावर घ्यायच्या आधी चुंबळ ठेवायची. चुंबळ सरकली की घागर कलंडलीच. खांद्याचा सांधाही तसाच. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि तो ज्या वाटीत बसतो ती अगदी उथळ. त्या वाटीच्या काठानं कूर्चेची एक कडी असते, तिला लॅब्रम म्हणतात. माझी ती कडी पुढून-खालून फाटली होती. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या तालमीतली पोरं आता खांदा धरून माझ्याकडे येतात, म्हणून जे भोगलं आणि शिकलो ते इथं लिहितो.

पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा मी 23 वर्षांचा होतो. मैदानातच एका जाणत्या माणसानं ओढून बसवला आणि आठवड्याभरात मी परत मातीत उतरलो. हे तुम्ही करू नका. ओढाताणीत शीर दुखावते, हाडाचा कपचाही उडू शकतो. हात आहे त्या स्थितीत पंच्यानं अंगाशी बांधा आणि दवाखाना गाठा. माझा खांदा त्यानंतर चार वेळा निखळला, शेवटचा तर झोपेत कूस बदलताना.

एमआरआयनंतर डॉक्टरांनी 'बँकार्ट' म्हणून सांगितलं. बँकार्ट नावाच्या ब्रिटिश सर्जननं 1923 साली ही इजा मांडली, म्हणून ते नाव. कडी वरच्या बाजूला, दंडाच्या बेटकुळीची दोरी जिथं चिकटते तिथं फाटली, तर तिला 'स्लॅप' म्हणतात. नाव विचारून घ्या, कारण दोन्हींची पथ्यं वेगळी. बँकार्टमध्ये सुरुवातीला हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा नाही. स्लॅपमध्ये कोपर वाकवून वजन उचलायचं नाही.

प्रत्येक फाटीला ऑपरेशन लागतं असं नाही. स्लॅपमध्ये तर बहुतेक वेळा आधी काही महिने व्यायाम करून बघतात, आणि चाळिशीपुढं कडी शिवण्याऐवजी बेटकुळीची दोरीच दुसरीकडं बसवणं बऱ्याचदा बरं पडतं. पण पोरगं तरुण असेल, कुस्ती-कबड्डी खेळत असेल आणि खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल, तर उशीर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दर निखळण्यात वाटीचा काठ झिजतो. हाड फार गेलं तर नुसतं शिवून भागत नाही, लाटार्जे नावाचं मोठं ऑपरेशन करून शेजारच्या हाडाचा तुकडा तिथं स्क्रूनं बसवावा लागतो. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा: वाटीचं हाड किती गेलंय?

वेळ मी सुगीनंतरची धरली. भात मळून झालं, मसूर पेरून झाली, आणि डिसेंबरात ऑपरेशन. पावसाआधीच्या धूळवाफ पेरणीपर्यंत हात कामाला यावा, हा हिशेब होता. पैशाचं आधी बघा. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि 2023 साली महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांनाही लागू केली. पण आपलं ऑपरेशन आणि आपला दवाखाना त्यात बसतो का, ते भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) कागद दाखवून विचारा.

ऑपरेशन दुर्बिणीचं असतं. दोन-तीन लहान छेद घेतात, सांध्यात सलाईनचं पाणी सोडतात, आणि वाटीच्या काठावर बारीक खुंट्या ठोकून त्यांच्या दोऱ्यांनी कडी परत बांधतात. मानेजवळ दिलेल्या इंजेक्शननं हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मेल्यासारखा पडून होता. घाबरू नका, पण जीव परत यायच्या आधीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला दुखण्याची गोळी घ्या. मी 'दुखत नाही' म्हणून थांबलो, आणि पहाटे तीनला बायकोला उठवावं लागलं.

पुढचे सहा आठवडे झोळीत. ही झोळी रात्रीही काढायची नाही. आडवं झोपवत नाही, म्हणून खाट भिंतीला लावून, पाठीशी तीन उशा आणि कोपराखाली एक, असा मी अर्धवट बसून झोपलो. शर्ट बटणाचाच. घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. काख सडू देऊ नका: परवानगी मिळाली की कमरेत वाकून हात सैल लोंबू द्या आणि ओल्या फडक्यानं पुसा. बोटं, मनगट आणि सर्जननं परवानगी दिली असेल तर कोपरही पहिल्या दिवसापासून हलवा. एसटीत दुखरा खांदा खिडकीकडं ठेवून बसा, मधल्या वाटेवर गर्दीचा धक्का लागतो. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा दम लागला तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच जा.

तंबाखूही सोडा. तंबाखूच्या निपाणीच्याच जिल्ह्यात राहून हे सांगणं जड आहे, पण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेलं जुळायला वेळ लागतो.

सगळ्यात धोक्याचा काळ पाचव्या आठवड्यापासून पुढचा. दुखणं गेलेलं असतं, कडी मात्र अजून कच्ची असते. म्हशीनं दावं ओढलं आणि मी सवयीनं त्याच हातानं धरलं. आत कळ गेली, मी दोन रात्री झोपलो नाही. टाके शाबूत निघाले, पण त्या दिवसापासून गोठा बायकोनं आणि धाकट्या भावानं सांभाळला.

सहा आठवड्यांनी खरी मेहनत सुरू होते. आमच्या फिजिओबाई धारवाडच्या. 'साकु' (कन्नडात 'पुरे') म्हटलं की थांबायच्या, आणि उगाच म्हटलं तर त्यांना कळायचंही. भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, वेळूची काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखरा उचलणं, चौकटीला रहाटाचं छोटं चाक टांगून दोरी ओढणं. तिसऱ्या महिन्यापासून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणणं, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणं. पाठीचा फावडा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, घट्ट धरणारे व्यायाम कंटाळवाणे वाटतात, पण खांद्याचा पायाच तिथं आहे, ते चुकवू नका.

भिंतीला टेकून जोर मला चौथ्या महिन्यात मिळाले, जमिनीवरचे पाचव्यात. मातीत उतरलो ते सात महिने झाल्यावर, दोन्ही हातांची ताकद मोजून सर्जननं हो म्हटल्यावर. मुद्गल सगळ्यात शेवटी, कारण तो डोक्यामागं जातो आणि नेमका शिवलेल्या जागी ताण देतो. माझा हात बाहेरच्या बाजूला आजही थोडा कमी फिरतो. धोबीपछाड मी आता डाव्या अंगानं मारतो, आणि पोरांनाही दोन्ही अंगांनी शिकवतो.