चिंक म्हणजे फट की किणकिण? या चुका टाळा

सी-एच-आय-एन-के या पाच अक्षरांच्या इंग्रजी शब्दाने मराठी अनुवादांत जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा त्याच्याहून कितीतरी अवघड शब्दांनीही घातला नसेल. अवघड शब्द आला की माणूस कोश उघडतो. चिंक मात्र ओळखीचा वाटतो आणि मोबाइलवर पहिला अर्थ दिसला की काम उरकले असे समजले जाते. वस्तुतः हे दोन निराळे शब्द आहेत. एकाचा अर्थ अरुंद फट. दुसरा म्हणजे नाणी किंवा पेले एकमेकांवर आपटल्यावर होणारा बारीक आवाज, आणि तो त्या आवाजावरूनच घडला आहे. म्हणून चांगल्या कोशात दोघांच्या नोंदी क्रमांक घालून स्वतंत्र दिलेल्या असतात. दुसऱ्या क्रमांकापर्यंत बोट सरकवण्याचा धीर मात्र हवा.

छत्रपती संभाजीनगरातील एका प्रकाशकासाठी एका रहस्यकथेचा अनुवाद मी तपासत होतो. त्यात मध्यरात्रीच्या प्रसंगात असे वाक्य आले : ‘दाराखालून प्रकाशाची किणकिण आली.’ मुळात ‘अ चिंक ऑफ लाइट’ असे होते. मी समासात खूण केली, तेव्हा नवशिक्या अनुवादकाने ही काव्यात्म प्रतिमा असल्याचे सांगितले आणि संपादकही क्षणभर विरघळले. दोन पानांनंतर खलनायक पैसे मोजत बसला होता आणि तेथे ‘नाण्यांची फट ऐकू येत होती’. त्यानंतर प्रतिमेचा विषय कोणी काढला नाही. खेदाची गोष्ट अशी की, या जागेसाठी मराठीत ‘तिरीप’ हा नेमका शब्द आयता आहे. फटीतून आत शिरते ती उजेडाची तिरीप. माळवदाच्या साण्यातून खाली जमिनीवर पडतो तो कवडसा. गावाकडच्या घरात वाढलेल्या मुलाने हे शब्द विसरून ॲपला शरण जावे, हे मला अजूनही पटत नाही.

माझी स्वतःची सवय साधी आहे. चिंक दिसला की मी आधी त्याच्या पुढचा शब्द पाहतो. पुढे ‘इन’ असेल, तर बहुतेक वेळा फट असते; ‘ऑफ’ असेल, तर त्यापुढचे नाम पाहिल्याशिवाय लेखणी उचलत नाही. उजेड असेल तर तिरीप. नाणी, साखळ्या, पेले असतील तर आवाज.

फट आणि भेग यांची सरमिसळ ही दुसरी नेहमीची चूक. मे महिन्यात परभणीकडची काळी माती आकसते आणि शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांना इंग्रजीत चिंक लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तेथे क्रॅक किंवा फिशर हवे. चिंक अरुंद असते आणि बहुधा तिच्यातून पलीकडचे काही दिसते, उजेड येतो किंवा वारा शिरतो. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील नाटकातल्या नाटकात भिंतीचे सोंग घेतलेला माणूस बोटे फाकवून दाखवतो आणि प्रेमिक त्यातून कुजबुजतात, ती चिंक. काचेला जातो तो तडा आणि टाचेला पडते ती भेग. यांपैकी कशालाही चिंक म्हणू नये.

आवाजाच्या बाबतीत ‘खणखणाट’ हा सरसकट तोडगा झाला आहे. चिंक हलका आणि तुटक असतो. बांगड्यांची किणकिण त्याला जवळची. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातील आवाज चिंक नव्हे, तो क्लँग. खिशातील किल्ल्यांची खुळखुळ म्हणजे जिंगल.

‘चिंक इन द आर्मर’ याचे भाषांतर ‘चिलखताला पडलेला तडा’ असे वाचले की माझा संयम संपतो. तडा घावाने पडतो. येथे घाव अजून बसायचाच आहे. पत्र्यांच्या जोडांत आधीपासून राहिलेली फट शत्रूला सापडते, असा त्याचा भाव आहे. मी ‘वर्म’ लिहितो. संस्कृतात वर्म म्हणजे कवच, तर मराठीत वर्म म्हणजे नेमके दुबळे ठिकाण, हा योगायोग मला फार आवडतो.

हा वाक्प्रचार इंग्रजीत वापरतानाही तारतम्य हवे, कारण चिंक ही चिनी आणि एकूणच पूर्व आशियाई वंशाच्या लोकांना दिली जाणारी वंशद्वेषी शिवीदेखील आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये ईएसपीएनच्या मोबाइल संकेतस्थळावर, तैवानी आईवडिलांचा अमेरिकी बास्केटबॉलपटू जेरेमी लिन याच्या संघाच्या पराभवाच्या बातमीला हाच वाक्प्रचार मथळा म्हणून दिला गेला; मथळा काढला गेला, संपादकाची नोकरी गेली. मूळ हेतू काय होता, हे वाचक विचारत बसत नाही. पुण्यात शिकायला गेलेली आपली मुले ईशान्येकडील सहाध्यायांना ‘चिंकी’ म्हणतात आणि त्याला थट्टा समजतात. ती थट्टा नाही. अनुवादात पात्राच्या तोंडी ही शिवी आली, तर शिवी म्हणूनच उतरवावी. ‘चिनी माणूस’ असे लिहून ती धुऊन काढू नये.

जुन्या बोलीत चिंक म्हणजे रोकड पैसा. अर्थात नाण्यांच्या आवाजावरून. आणि शेवटी क्रियापद : लाकडी ओंडक्यांच्या घराबाबत ‘चिंक्ड’ आले, तर भिंतीत फटी पडल्या असे लिहू नका. फटी चिखलाने, शेवाळाने बुजवल्या, असा त्याचा अर्थ आहे.