फेर्रारात राहायला येताय? आधी सायकल घ्या

गाडीचा विचार निदान पहिला हिवाळा जाईपर्यंत बाजूला ठेवा. फेर्रारा हे उत्तर इटलीतलं शहर पो नदीच्या मैदानात वसलेलं, चढ औषधालाही नाही. शहराच्या जुन्या तटबंदीची सुमारे ९ किलोमीटरची फेरी तर लोक संध्याकाळी सहज मारून येतात. माझ्या गल्लीतल्या सत्तरीच्या आज्या पर्स पुढच्या टोपलीत टाकून, ताठ बसून, दगडी गोट्यांच्या रस्त्यावरून खडखडत बाजाराला जातात. धुकं असो, थंडी असो.

सायकल जुनीच घ्या, पण दुकानातून. रस्त्यात कुणी कवडीमोलाने देऊ केली तर ती चोरीची असणार, आणि घेणाराही गोत्यात येतो. टायर जाड हवेत. बारीक टायरवर त्या गोट्यांतून गेलात तर दाताची फिलिंगं निघतील. घंटी आणि पुढचा-मागचा दिवा वाजवून, लावून बघा. दोन्ही कायद्याने लागतात. कुलूप मात्र भारीतलं. साखळी चाकातून आणि फ्रेममधून घालून लोखंडी स्टँडला अडकवा. नुसतं चाक बांधलंत तर संध्याकाळी चाकच घरी न्यावं लागेल.

बसचं तिकीट ‘ताबाक्की’त मिळतं. बाहेर मोठा ‘टी’ लटकतो ते तंबाखू-सिगारेटचं दुकान. दुपारी ते बंद, रविवारी बहुधा बंदच, म्हणून दोन तिकिटं पाकिटात असू द्या. हल्ली बऱ्याच बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवूनही भागतं. कागदी तिकीट चढल्याचढल्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. बोलोन्याला जाणाऱ्या रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट फलाटावरच छापायचं. मोबाईलवर काढलं असेल तर चढण्याआधी चेक-इन करायचं.

थांब्यावरचं वेळापत्रक नीट वाचा. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सणवार. जूनमध्ये शाळा सुटल्या की काही फेऱ्या गायब होतात. संप ऐन शुक्रवारी फार. पण कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रिजनल गाड्या सोडाव्याच लागतात, तेव्हा त्या वेळा धरा.

घरचे पाहुणे आले आणि भाड्याची गाडी घेतलीच, तर जुन्या गावात घुसण्याआधी लाल कडेची पांढरी गोल पाटी शोधा. खाली ‘झेड-टी-एल’ लिहिलेलं असतं, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना आत बंदी. पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ दिसलं तर कॅमेरा चालू आहे, वळा. दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी येतं, भाडेवाले त्यावर आपली फी वेगळी लावतात. हॉटेल आतल्या भागात असेल तर पोचण्याआधीच त्यांना गाडीचा नंबर कळवा आणि परवान्याची नोंद केली का, तेही विचारा. पार्किंगला पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशांच्या. पिवळ्यांच्या वाटेला जाऊ नका.