साठीनंतर नुसतं चालून भागत नाही

शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारणारी माणसंसुद्धा दादरच्या पुलाच्या पायऱ्यांवर कठडा धरून थांबतात. चालण्याने दम वाढतो, पण मांड्यांत फारशी ताकद येत नाही, आणि वयाबरोबर उतरते ती तीच. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. हे शेवटचे दोन बहुतेकांचे राहूनच जातात. वन रूम किचनमध्येही ते जमतात.

ताकदीसाठी खुर्ची पुरे. चार पायांची, मजबूत, सुमारे १७ इंच उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची नको, टाइल्सवर सरकते. आधी स्वतःला तपासा: हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाचे १२ पेक्षा किंवा बाईचे ११ पेक्षा कमी झाले, तर पडण्याचा धोका जास्त धरतात.

सराव करताना पुढच्या कडेला बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका आणि श्वास सोडत उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत हळू खाली या. खरी कमाई या उतरण्यात आहे, आणि धप्पकन बसून बहुतेकजण नेमकी तीच घालवतात. गुडघे आत वळू देऊ नका. श्वास कोंडू नका, बीपी वाढतं. उठता येत नसेल तर बैठकीवर घडी केलेली चादर टाकून उंची वाढवा. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सलग १२ सहज जमू लागले की दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची बाटली धरा.

तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा धरा, लादी कोरडी हवी. टाचा उचलून १० ते १५ वेळा चवड्यांवर उभं राहा. मग एका पायावर १० सेकंद, नंतर दुसऱ्या. हात सोडायची घाई नको: आधी दोन्ही हात, मग एक, मग नुसती बोटं.

चालण्याचा वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापतं, म्हणून सकाळी सातच्या आत आटपा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकपेक्षा इमारतीचा पॅसेज बरा. गुडघे कुरकुरत असतील तर जिने चढा आणि लिफ्टने उतरा, कारण उतरताना गुडघ्यावर ताण अधिक येतो.

दोन दिवस मांड्या दुखल्या तर चालेल. सांधा दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर आकडा निम्म्यावर आणा. हृदयविकार असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, अचानक दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा आणि १०८ लावायला सांगा.