फ्रिज चालू, तरी दूध फाटलं? कॅम्परव्हॅनमध्ये या चुका टाळा

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. एवढ्याशा वाटेत काय खराब होणार, असं वाटूनच आम्ही मे महिन्यात निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध फाटलेलं, कणीक आंबलेली, पनीरला वास. फ्रिज मात्र चालू होता, आतला दिवासुद्धा लागत होता.

चूक निघण्याआधीच झाली होती. गाडी आदला दिवसभर उन्हात होती. पहाटे फ्रिज लावला आणि लगेच ठासून भरला. व्हॅनमधल्या १२ व्होल्टच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर छोटा असतो. गार वस्तू तो गार राखतो, पण कोमट सामानाचा ढीग गार करायला त्याला अख्खा दिवस लागतो आणि तोवर दुधाचं व्हायचं ते होतं. म्हणून निघायच्या किमान १२ तास आधी घरच्या विजेवर फ्रिज सुरू करा. आत ठेवायचं ते सगळं घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार झालेलं असू द्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून सोबत घ्या. रात्री केलेली भाजी ओट्यावर झाकून ठेवू नका. परातीत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर एका तासात.

बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे तापमान नव्हे. साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात उभा करून रात्रभर आत ठेवा. सकाळी दार उघडताक्षणी ४ अंश किंवा त्याहून कमी दिसायला हवं.

जास्त दिसलं, तर आधी जाळी बघा. फ्रिजच्या मागची किंवा बाजूची जाळी म्हणजे गरम हवा बाहेर जायची वाट. आपण तिथेच गादी नाहीतर बॅगा रेटतो.

जाळी मोकळी असूनही फ्रिज रात्री आपोआप बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा दोष वायरीत सापडतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जाणारी वायर बारीक असते. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, वायरीत व्होल्टेज पडतं, आणि बॅटरी संपली असं समजून फ्रिज स्वतःला बंद करतो. मल्टिमीटरने दोन्हीकडे मोजा: बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट आणि कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजच्या प्लगपाशी ११ च्या खाली, असं आलं तर नवीन फ्रिज शोधत बसू नका. बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि फ्रिजला वेगळी बॅटरी द्याच, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

गॅसवर चालणारा फ्रिज असेल, तर सापुताऱ्यासारख्या चढउताराच्या जागी गाडी सपाट उभी करा. त्यातलं अमोनियाचं द्रावण उतारानेच फिरतं. गाडी कलंडलेली राहिली की गारवा जातो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. चालत्या गाडीत आणि पेट्रोल पंपावर ज्योत बंदच हवी.

आता सामान. दिंडोरी-पिंपळगावच्या वाटेवर घेतलेली द्राक्षं धुऊन ठेवू नका. मण्यांवरचा पांढरट मेणचट थर त्यांना जपतो, आणि ओले मणी लवकर बुरसतात. घड कागद घातलेल्या डब्यात ठेवा, खायच्या वेळी धुवा. कांदे आणि बटाटे फ्रिजबाहेर, वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत. कोथिंबीर कोरडी करून सुती फडक्यात.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती उरलेल्या भाताची. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने, फोडणी दिल्याने जात नाही. भात लागेल तेवढाच लावा. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्या. फ्रिजवरचा भार तेवढाच हलका.

फ्रिज किती वेळ बंद होता हे कळत नसेल, तर वासावर जाऊ नका. दूध, पनीर, मांस आणि शिजवलेलं अन्न टाकून द्या. लोणचं आणि न चिरलेली फळं चालतात. बर्फाचा कप्पा असेल, तर वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून द्या. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मध्ये बर्फ पूर्ण वितळून गेला होता.