जुन्या डॉस गेमचं संगीत साउंडफॉन्टवर कसं वाजवायचं?

डूम सुरू केला आणि पहिल्याच लेव्हलला गिटारऐवजी पिपाणी वाजली, तर गेमला बोल लावू नका. १९९३ च्या या गेममध्ये संगीताचं रेकॉर्डिंग नाहीच. आहेत त्या फक्त सूचना: अमुक वाद्य, अमुक सूर, एवढा जोर. लग्नाच्या बँडला नोटेशनचा कागद द्यावा तसं. पुढे क्लॅरिनेट कोणाच्या हातात आहे, त्यावर सगळं.

वाद्यांचे नमुने ज्या फाइलमध्ये भरलेले असतात तो साउंडफॉन्ट, आणि सूचना वाचून ते नमुने वाजवतो तो सिंथ. इथे फ्लुइडसिंथ वापरू. जुने डॉस गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम म्हणजे डॉसबॉक्स, आणि त्याची नवी आवृत्ती डॉसबॉक्स स्टेजिंग. तिच्यात फ्लुइडसिंथ आयताच असतो, म्हणून जुन्या डॉसबॉक्सऐवजी हीच घ्या. फ्लुइडसिंथ आणि स्टेजिंग दोन्ही फुकट आहेत.

आधी साउंडफॉन्ट उतरवा. माझी पसंती जनरलयूजर जीएस, साधारण ३० एमबीचा. मी हौसेनं आधी एक जीबीचा फॉन्ट आणला होता. पियानो असा की डोळे मिटून ऐकावा, पण डूमची गिटार मात्र डब्यात अडकलेल्या माशीसारखी. फाइल मोठी म्हणून वाद्यं चांगली, असं नसतं. १२८ वाद्यांचा आवाज एकमेकांशी जुळलेला हवा. ड्रम गिटारला गिळत असतील तर फॉन्ट बदला.

विंडोजवर आपल्या यूजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, मग लोकल, मग डॉसबॉक्स या फोल्डरात जा. ॲपडेटा लपवलेला असतो, आधी 'हिडन आयटम्स' चालू करा. तिथे 'साउंडफॉन्ट्स' नावाचं फोल्डर करून त्यात उतरवलेली साउंडफॉन्टची (एसएफ२) फाइल टाका. शेजारची कॉन्फ (सेटिंगची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'मिडीडिव्हाइस'च्या ओळीत फ्लुइडसिंथ लिहा, आणि खाली फ्लुइडसिंथच्याच विभागात 'साउंडफॉन्ट'पुढे फाइलचं नाव. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत, आणि नाव अगदी जसंच्या तसं. सेव्ह करून डॉसबॉक्स बंद करून पुन्हा उघडा.

आता लोक इथेच विसरतात: गेमलाही सांगावं लागतं. डूमच्या फोल्डरमधला सेटअप चालवा, म्युझिक कार्ड म्हणून जनरल मिडी (कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य, हे ठरवणारी पद्धत) निवडा, पोर्ट ३३०. गोळ्यांच्या आवाजाला साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड राहू द्या, तो वेगळा मामला. म्युझिकलाही साउंड ब्लास्टरच ठेवलात तर त्या कार्डावरच्या एफएम चिपचा (स्वतःच सूर तयार करणाऱ्या चिपचा) तो टिणटिण आवाज येईल आणि तुम्ही फॉन्टला शिव्या घालाल. (मला तोही आवडतो, पण आजचा विषय तो नाही.)

पहिल्या लेव्हलला गिटार करकरून अंगावर आली की जमलं. जोरात वाजताना आवाज फाटत असेल तर गेमच्या मेनूत म्युझिक थोडं उतरवा.

एक खोच मात्र आहे. १९९० चा मंकी आयलंड घेतलात, तर त्याचं संगीत रोलँड कंपनीच्या एमटी-३२ या संगीत वाजवणाऱ्या यंत्रासाठी बसवलेलं आहे. जनरल मिडी ठरली १९९१ मध्ये. एमटी-३२ त्याआधीचं, १९८७ चं, आणि त्यातल्या वाद्यांचे क्रमांकच वेगळे. तिथे कितीही भारी साउंडफॉन्ट लावा, भलतीच वाद्यं बोलतात. अशा गेमसाठी स्टेजिंगमध्ये मिडीडिव्हाइस 'एमटी३२' करायचं. त्याला मूळ यंत्रातल्या रॉम फाइल (त्याच्या चिपमधला मजकूर) लागतात, आणि त्यांचे हक्क रोलँडकडे आहेत.