थेट व्हिडिओवर गाडीचा नंबर दाखवताय? या चुका टाळा

नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर आता कुणीही एका दुपारी चालू करतं. तोच नंबर चालू व्हिडिओवर झळकवायचा म्हटलं, की मात्र जो तो ठरलेल्या खड्ड्यांत पडतो. मी बरीच वर्षं हे निस्तरतोय, त्यामुळे सूर थोडा वैतागलेला वाटला तर चालवून घ्या.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही: नंबर पडद्यावर आणायचा कसा, याचा विचार सगळे करतात. घालवायचा कधी, याचा कुणीच करत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका आवाराच्या गेटवर मी साधा नियम लावला होता, नवा नंबर आला की जुना पुसायचा. चाचणी झकास झाली, कारण चाचणीला आम्ही आमच्याच धुतलेल्या गाड्या नेल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात प्रवेशबंदी असलेली एक गाडी आली आणि तिला परत पाठवलं. तिच्यामागच्या गाडीची प्लेट चिखलाने माखलेली. ती वाचताच आली नाही, म्हणून नवा नंबर आला नाही, म्हणून जुना जागचा हलला नाही. भलत्याच माणसाच्या गाडीवर लाल अक्षरांत बंदीवाला नंबर! वॉचमनने त्या बिचाऱ्याला अर्धा तास उभं केलं. वॉचमनला दोष कसा देणार? पडद्यावर लिहून आलंय म्हटल्यावर बाहेर जाऊन प्लेट कोण बघतो? मी मात्र दोन दिवस नंबर वाचणाऱ्या मॉडेलवरच खापर फोडत होतो. बिचारं मॉडेल गप्प बसलं होतं, आणि तेच बरोबर होतं.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक नंबरला 3 सेकंदांचं आयुष्य असतं. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या डोळ्यांना बरा वाटतो इतकंच. गेटवर गाडी थांबून राहणार असेल तर ती कॅमेऱ्याच्या चित्रात आहे तोवर नंबर ठेवा, ती हलली की काढा. गाडी दिसली पण प्लेट वाचता आली नाही, तर तसं स्पष्ट लिहा. आणि नंबरशेजारी प्लेटचं कापलेलं छोटं चित्र दाखवा, म्हणजे बघणाऱ्याला आपलं डोकं वापरायची संधी मिळते.

याचंच दुसरं रूप म्हणजे वेळेचा घोळ. नंबर एका वाटेने येतो, व्हिडिओ दुसऱ्या वाटेने. ब्राउझरमध्ये एचएलएसने, म्हणजे व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवणाऱ्या पद्धतीने, दाखवत असाल तर तुकडे बहुधा 6 सेकंदांचे असतात आणि प्लेअर साधारण 3 तुकडे मागून सुरू करतो. म्हणजे चित्र 18 सेकंद जुनं, आणि नंबर मात्र ताजा. गाडी पडद्यावर यायच्या आधीच तिचा नंबर हजर! उलटंही होतं. चित्र झटपट येतं आणि वाचायला 2 सेकंद लागतात. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेली असते आणि तुम्ही प्लेटभोवती काढलेली चौकट मोकळ्या रस्त्यावर उमटते.

यावर उतावळ्या मंडळींचा उपाय ठरलेला: 'दोन सेकंदांचा डिले टाकला, जमलं.' जमतं, नेटवर्कचा मूड बदलेपर्यंत. नंबरसोबत तो ज्या फ्रेममधून वाचला तिची वेळ पाठवा, सर्व्हरवर पोचल्याची नव्हे. कॅमेरा, सर्व्हर आणि रेकॉर्डर एकाच एनटीपी घड्याळावर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या) ठेवा. कॅमेऱ्याकडून थेट, आरटीएसपी या पद्धतीने व्हिडिओ घेत असाल तर त्यासोबत येणाऱ्या आरटीसीपीच्या सेंडर रिपोर्टमधून (कॅमेरा अधूनमधून पाठवतो त्या वेळेच्या नोंदीतून) प्रत्येक फ्रेमची खरी वेळ काढता येते. त्या वेळेशी नंबर जुळवा. माझी जुनी सवय अशी: सेकंदाचे शतांश दाखवणारं घड्याळ फोनवर लावायचं, फोन कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि फोन व पडदा दोन्ही येतील असा फोटो काढायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा डिले. अंदाजपंचे काही नको.

चौकट प्लेटच्या बाजूला सरकून पडत असेल तर घड्याळाआधी मोजमाप बघा. वाचन मेन स्ट्रीमवर (कॅमेऱ्याच्या मोठ्या चित्रावर), दाखवणं सबस्ट्रीमवर (त्याच्याच छोट्या चित्रावर), आणि दोघांची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात, हे फार वेळा सापडतं. ऑनव्हिफ या कॅमेऱ्यांच्या सामायिक मानकाच्या मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबत येणाऱ्या माहितीत, तर आकडे उणे 1 ते 1 असे येतात आणि उभा अक्ष खालून वर वाढतो. हे न वाचताच कोड लिहिलं की चौकट आकाशात.

आता एफएफएमपेग हे व्हिडिओवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर वापरणारे. त्यातल्या चित्रावर अक्षरं लिहिणाऱ्या ड्रॉटेक्स्ट फिल्टरला मजकुराची फाइल द्यायची, ती पुन्हा पुन्हा वाचणारं रीलोड चालू करायचं, नंबर आला की फाइलवर लिहायचं, हा शॉर्टकट सगळ्यांना आवडतो. मलाही आवडतो. पण रीलोड चालू असताना फिल्टर ती फाइल प्रत्येक फ्रेमला वाचू शकतो, आणि तुम्ही ती उघडून लिहिता तेव्हा ती आधी रिकामी होते. त्या क्षणी वाचली तर अर्धा नंबर दिसतो, नाहीतर वाचनच फसतं. कचेरीत हे कधी दिसत नाही, रात्री गर्दीच्या वेळी दिसतं. शेजारी दुसरी फाइल लिहा आणि तिचं नाव बदलून जुनीच्या जागी आणा. 'शेजारी' म्हणजे त्याच फाइलसिस्टमवर, नाहीतर नाव बदलण्याऐवजी कॉपी होते आणि पुन्हा तेच रडगाणं. फिल्टरचं एक्सपान्शन (मजकुरातल्या खास खुणांचा अर्थ लावणं) बंद ठेवा, म्हणजे मजकुरातलं टक्क्याचं चिन्ह घोळ घालणार नाही. प्रत्येक नंबरला प्रोसेस बंद करून नव्याने सुरू करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. आणि हो, चित्रावर अक्षरं कोरायची म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड होणारच. प्रोसेसर तापला म्हणून आश्चर्य वाटून घेऊ नका.

रात्री चित्र काळं दिसतं म्हणून शटर मंद करणारेही असतात. शटर 1/50 सेकंद असेल तर ताशी 50 किलोमीटरची गाडी एका फ्रेममध्ये 28 सेंटीमीटर सरकते, 1/1000 ला दीड सेंटीमीटरही नाही. प्लेटवर इन्फ्रारेड पडलं की ती उजळते आणि बाकी सगळं काळं राहतं, ते तसंच राहू द्या. आजूबाजूचं बघायला दुसरा कॅमेरा लावा आणि नंबर त्याच्या चित्रावर दाखवा.

बाकीचं थोडक्यात. एकच गाडी पाच फ्रेममध्ये वाचली म्हणून पाच ओळी दाखवू नका, वाचनांचा कौल घ्या. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची अदलाबदल नंबरच्या ठरलेल्या साच्यानुसार करा, मनाने नाही. रेकॉर्डिंग कोरंच ठेवा, नंबर वेगळा साठवा आणि दाखवतानाच वर चढवा, कारण मूळ फ्रेमवर अक्षरं कोरली की खालचं चित्र परत मिळत नाही. आणि तो पडदा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा लावू नका, कुणाची गाडी कधी आली हे सगळ्या जगाला कळायची गरज नसते.