लिनक्सवरील खाती एलडॅप डिरेक्टरीत नेताना

एक कार्यालय ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, दुसरे नवी मुंबईत महाप्याला आणि प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर वेगळी पासवर्ड फाइल, अशी स्थिती असल्यास सर्व खाती एका एलडॅप डिरेक्टरीत (सर्व सर्व्हरना नेटवर्कवरून विचारता येणाऱ्या सामायिक नोंदवहीत) आणण्यासाठी पीएडीएल या कंपनीच्या जुन्या, पण अजूनही उपयोगी पडणाऱ्या पर्ल स्क्रिप्ट वापरता येतात. पासवर्ड, ग्रुप, होस्ट्स अशा प्रत्येक फाइलसाठी त्यांत स्वतंत्र स्क्रिप्ट असून ती आपल्या फाइलमधील नोंदींचे एलडिफ (डिरेक्टरीत भरण्याजोगी मजकूर फाइल) तयार करते. नोंदींचे स्वरूप १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेट दस्तऐवजाप्रमाणे असते, त्यामुळे डिरेक्टरीच्या सर्व्हरवर एनआयएस स्कीमा (अशा नोंदींत काय असावे याचे नियम) आधीच बसवलेला असावा.

खरे काम मात्र स्क्रिप्ट चालवण्यापूर्वीचे आहे. समजा, ठाण्याच्या सर्व्हरवर १००३ हा यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) हिशेब विभागातील पाटलांचा आहे आणि महाप्याच्या सर्व्हरवर तोच क्रमांक म्हात्र्यांना दिलेला आहे. दोघांची लॉगिन नावे वेगळी असल्याने डिरेक्टरी दोन्ही नोंदी निमूटपणे स्वीकारते, कारण वेगळी सोय केल्याशिवाय ती यूआयडी क्रमांकाची पुनरावृत्ती तपासत नाही. फाइलची मालकी मात्र क्रमांकावरूनच ठरते, आणि म्हात्र्यांना पाटलांच्या फाइल आपल्याच असल्यासारख्या उघडता येतात. याउलट लॉगिन नाव एकच असेल (आणि नवी मुंबईच्या कार्यालयात ‘एसपाटील’ एकच असेल, असे कोणी गृहीत धरू नये) तर दुसरी नोंद ‘आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून नाकारली जाते. म्हणून सर्व फाइल एकत्र करून क्रमांकानुसार लावाव्यात, जिथे टक्कर होते तिथे एका खात्याला नवा क्रमांक द्यावा आणि त्या सर्व्हरवर ‘फाइंड’ने जुन्या क्रमांकाच्या फाइल शोधून ‘चओन’ने (chown) त्यांची मालकी बदलावी. ग्रुप क्रमांकांचेही असेच करावे.

त्यानंतर ‘मायग्रेट कॉमन’ या फाइलमध्ये आपला बेस डीएन (डिरेक्टरीचा मूळ पत्ता) आणि मेल डोमेन भरावे. पर्ल ५.२६ पासून चालू फोल्डर आपोआप शोधला जात नाही. ही फाइल सापडत नसल्याची तक्रार आल्यास तो फोल्डर पर्लला स्पष्टपणे सांगावा लागतो. सर्व काही एका दमात हलवणारी स्क्रिप्टही संचात आहे, परंतु तिच्या वाटेला न गेलेले बरे. आधी बेस (डिरेक्टरीच्या मूळ नोंदी), मग ग्रुप, मग पासवर्ड, अशा क्रमाने एकेक एलडिफ तयार करावे. पासवर्डची स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालवावी, अन्यथा शॅडो फाइलमधील हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपे) मिळत नाहीत. तयार झालेल्या एलडिफमध्ये ते हॅश असल्याने ती फाइल इतरांना वाचता येणार नाही, अशी ठेवावी. रूट आणि १००० पेक्षा कमी क्रमांकाची सिस्टिम खाती त्यातून काढून टाकावीत. सर्व्हिसेस व प्रोटोकॉल्स हलवण्याची गरज नसते.

एलडिफ ‘एलडॅपअ‍ॅड’ने भरल्यावर एनएसस्विच फाइलमध्ये (खाती कुठे शोधायची हे सर्व्हरला सांगणारी फाइल) ‘फाइल्स’नंतर ‘एलडॅप’ लिहावे. एसएसएसडी (डिरेक्टरीतील खाती सर्व्हरला पुरवणारी सेवा) वापरत असल्यास तिथे ‘एसएसएस’ येईल. चाचणी घेताना ‘गेटएंट’ला (नोंद शोधून दाखवणारी आज्ञा) स्रोताचे नाव द्यावे, नाहीतर स्थानिक फाइलमधील जुनीच नोंद दिसते आणि काम झाल्याचा भास होतो. खात्री पटल्यावर स्थानिक फाइलमधून हलवलेल्या खात्यांच्या ओळी काढाव्यात. त्या राहिल्या तर डिरेक्टरीत पासवर्ड बदलूनही त्या सर्व्हरवर जुना पासवर्ड चालत राहतो.